छोटीचं घोरणं: झोपेत अडणाऱ्या श्वासाचं एक प्रकरण

वय सहा वर्षं, मुलगी, वजन साडेपंधरा किलो. राहणार लष्कर, ग्वाल्हेर. दाखवायला आणण्याचं कारण: दोन वर्षं कोरडं राहिलेलं अंथरूण दिवाळीनंतर पुन्हा ओलं व्हायला लागलं, आठवड्यातून चार-पाच रात्री. जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं अकरा-अकरा वाजेपर्यंत हटत नाही, गादी वाळायला ऊन मिळत नाही, आई अगदी जेरीला आलेली. घरात मुलीला छोटी म्हणतात, तेच नाव इथे ठेवते. घरच्यांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

फाइल जाडजूड होती. सर्दी-घशासाठी वेळोवेळी दिलेली अँटिबायोटिक्स, भुकेचं टॉनिक, जंताचं औषध, अ‍ॅलर्जीसाठी चालू असलेली मॉन्टेलुकास्टची गोळी. शाळेच्या डायरीत बाईंचा शेरा: एका जागी बसत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, काम अर्धवट सोडते. त्यावरून कुणीतरी अतिचंचलतेची तपासणी सुचवलेली. प्रत्येक कागद आपापल्या जागी समजण्यासारखा होता. पण मुलगी रात्री कशी झोपते हे कुणी विचारल्याची नोंद कुठेच नव्हती.

मी विचारलं, तर उत्तर आजींनी दिलं, तेही कौतुकाने. "झोपेची काळजी नको डॉक्टर. पडली की ढाराढूर. आमच्या मुलासारखी घोरते, पलीकडच्या खोलीत ऐकू येतं."

आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप, असं घट्ट समीकरण आहे. दमलेला माणूस घोरतो, पोट भरलेला माणूस घोरतो. मुलांच्या बाबतीत हे समीकरण सोडून द्यायला हवं. सर्दीत चार दिवस घोरणारं मूल वेगळं. सर्दी नसताना, आठवड्यातल्या बहुतेक रात्री जे मूल घोरतं, त्याच्या श्वासाची वाट कुठेतरी अरुंद झालेली आहे. अशा सगळ्याच मुलांना स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार, नसतो. एकूण मुलांपैकी साधारण 1 ते 5 टक्क्यांना तो असतो, आणि नेहमी घोरणारी मुलं त्याहून बरीच जास्त असतात. तेव्हा घोरणं हा निदानाचा पुरावा नव्हे. पुढचे प्रश्न विचारायला ते पुरेसं कारण मात्र आहे.

प्रश्न विचारले. झोपेत घाम येतो का? जानेवारीतसुद्धा उशी ओली होते. मान कशी ठेवते? मागे टाकून, हनुवटी वर. तोंड? उघडं. सकाळी? डोकं दुखतं म्हणते, चिडचिड करते, दूध नको म्हणते. दिवसा झोपते का? छे, उलट दिवसभर उधळलेली असते. इथेच बरेच जण चकतात. झोप नीट न झालेला मोठा माणूस दिवसा पेंगतो. मूल बहुधा पेंगत नाही, ते भिंगरीसारखं फिरतं, रडतं, हट्ट करतं. शाळेला ते अतिचंचल वाटतं आणि घरच्यांना लाडावलेलं.

आणखी एक धागा आईने सहज बोलता बोलता दिला. छोटी गाणं शिकते. ग्वाल्हेरच्या मराठी घरात यात नवल नाही; 1918 साली भातखंड्यांनी माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने इथे संगीत महाविद्यालय सुरू केलं, तेव्हापासून कितीतरी घरांत एक तरी तानपुरा असतोच. तिच्या गाण्याच्या बाईंची तक्रार अशी, की पोर सुरात आहे, पण सरगम म्हणताना 'म' चा 'ब' होतो, 'नी' ची 'दी' होते, आणि श्वास पुरत नाही. फाइलमधल्या सगळ्या कागदांपेक्षा मला ही तक्रार मोलाची वाटली. म आणि न उच्चारताना हवा नाकातून जावी लागते. ती वाट मागून बंद असली की सर्दी नसतानाही आवाज सर्दीचा येतो. बाईंनी कान लावून नाकामागची अडचण ओळखली होती, फक्त तिचं वैद्यकीय नाव त्यांना माहीत नव्हतं.

तपासणीत फारसं अनपेक्षित काही निघालं नाही. डोळ्यांखाली काळपट, नाकाच्या शेंड्यावर सतत चोळल्याने पडलेली आडवी रेघ, दोन्ही टॉन्सिल घशाच्या मध्याकडे सरकलेले, चारपैकी तिसऱ्या श्रेणीचे. मानेच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेत अ‍ॅडेनॉइड, म्हणजे लोक ज्याला नाकामागचं मांस म्हणतात ते, हवेची वाट जवळजवळ व्यापून बसलेलं. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी, ऐकणं थोडं कमी. शाळेच्या डायरीतलं 'ऐकत नाही' निम्मं तरी शब्दशः खरं होतं. रक्तदाब आणि हृदयाचे ठोके ठीक. हिमोग्लोबिन थोडं कमी. वजन मात्र चिंतेचं: चौथ्या वर्षी साडेचौदा होतं, म्हणजे दोन वर्षांत एक किलो. या वयात वर्षाला दोनेक किलो वाढायला हवं.

या सगळ्याला जोडणारा दुवा रात्रीत आहे. टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड दोन ते आठ वर्षांच्या दरम्यान घशाच्या मानाने सगळ्यात मोठे असतात. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात आणि आधीच अरुंद असलेली वाट मिटते. छाती ओढ घेत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर सावध होतो, घसा उघडतो, मूल दचकून कूस बदलतं आणि पुन्हा तेच. श्वासासाठी रात्रभर ही झटापट चालल्याने घाम येतो, खाल्लेलं अंगी लागत नाही. गाढ झोपेत स्रवणारं वाढीचं संप्रेरक कमी पडतं. बंद घशाविरुद्ध ओढ घेताना छातीतला दाब बदलतो, हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि लघवी वाढवणारं एक संप्रेरक जास्त स्रवतं; त्यात जागही नीट येत नाही, म्हणून अंथरूण ओलं. आईला हे सांगितल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे ती मुद्दाम करत नव्हती?" नव्हती. अंथरूण ओलं करणारं कुठलंच मूल मुद्दाम करत नाही, पण ते वेगळं प्रकरण.

घसा बघून मात्र निदान होत नाही, हे ठासून सांगायला हवं. टॉन्सिलचा आकार आणि रात्रीच्या त्रासाची तीव्रता यांचा मेळ फार सैल आहे. अवाढव्य टॉन्सिलची मुलं शांत झोपलेली असतात आणि बेताच्या टॉन्सिलची मुलं रात्रभर झगडत असतात. पुरावा रात्रीचाच लागतो.

पहिला पुरावा मोबाइलचा. वडिलांना सांगितलं, व्हिडिओ काढून आणा, पण रात्री दहाचा नको, पहाटे चार-पाचचा. स्वप्नांची झोप, जिला रेम म्हणतात, ती उत्तररात्री जास्त असते. तेव्हा स्नायू सर्वांत ढिले असतात आणि मुलांचा श्वास बहुतेक तेव्हाच अडतो. झोपल्यावर तासाभराने डोकावणाऱ्या आईबापांना काहीच दिसत नाही ते यामुळे. ग्वाल्हेरला आणखी एक अडचण, रजई. थंडीत मूल नाकापर्यंत गुंडाळलेलं, छाती कुणाला दिसणार? म्हणून खोली उबदार ठेवा, रजई दोन-तीन मिनिटं कमरेपर्यंत सरकवा, तोंड आणि छाती-पोट एकाच चौकटीत येऊ द्या, टीव्ही-पंखा बंद, आवाज स्पष्ट हवा. आणि खोलीत कोळशाची शेगडी असेल तर ती आधी बाहेर काढा. बंद खोलीत तिचा धूर जीवघेणा असतो, आणि अ‍ॅलर्जीच्या नाकाला तर तो नकोच.

व्हिडिओ आला. घोरणं, घोरणं, मग एकदम शांतता. शांततेत छाती आत ओढली जातेय, पोट वर येतंय, दोन्ही उलट्या दिशेने. मग खर्रकन मोठा श्वास, मान मागे, कूस. दोन मिनिटांत हे पुन्हा पुन्हा. आजींनी तो माझ्यासमोरच पाहिला. रोज त्याच त्या पोरीच्या शेजारी झोपत होत्या. "मधेच घोरणं थांबायचं, तर मला वाटायचं आता शांत झोपली," एवढंच म्हणाल्या.

वडिलांनी आपल्या परीने शोध घेतला होता. आपलं स्मार्टवॉच त्यांनी रात्रभर छोटीच्या मनगटाला बांधलं. घड्याळ म्हणालं नऊ तास झोप, उत्तम. घड्याळाच्या दृष्टीने चूक नव्हतं. मोठ्यांच्या मानाने मुलं श्वास अडल्यावर पुरती जागी कमी वेळा होतात, त्यामुळे तास भरलेले दिसतात. दुसरं, त्यांनी वाचलं होतं की तासाला पाचपर्यंत श्वास अडणं चालतं. ते मोठ्यांसाठी. मुलांमध्ये तासाला एकपेक्षा जास्त वेळा अडला तरी ते असामान्य धरतात. पाचपर्यंत सौम्य, पाच ते दहा मध्यम, दहाच्या वर तीव्र. मोजण्याची रीतही निराळी: मोठ्यांत किमान दहा सेकंदांचा खंड मोजतात, मुलांत दोन श्वासांएवढा खंडही पुरतो, कारण मुलांचा श्वास मुळात जलद आणि साठा कमी.

हा आकडा देणारी तपासणी म्हणजे रात्रभराची स्लीप स्टडी, पॉलिसोम्नोग्राफी. मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, नाकातली हवा, छाती-पोटाची हालचाल, ऑक्सिजन, सगळं एकत्र. सर्वांत भरवशाची हीच. पण मुलांची स्लीप स्टडी करणाऱ्या आणि वाचणाऱ्या जागा मोठ्या शहरांतही मोजक्या, आणि वडील त्यासाठी दिल्लीला जायला निघाले होते. मी थांबवलं. आधी रात्रभराची ऑक्सिमेट्री, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची नोंद, करू म्हटलं. कोविडात घरोघर आलेलं बोटाचं यंत्र इथे चालत नाही, ते क्षणाचा आकडा दाखवून विसरतं. रात्रभर नोंद साठवणारं यंत्र हवं, पायाच्या अंगठ्याला चिकटणारा सेन्सर हवा. अशा नोंदीत ऑक्सिजन झुपक्यांनी, म्हणजे थोड्या वेळात पुन्हा पुन्हा, नव्वद टक्क्यांच्या खाली उतरताना दिसला आणि मूल एरवी निरोगी असेल, तर निदान जवळजवळ पक्कं होतं. उलट बाजू लक्षात ठेवायची: नोंद स्वच्छ आली म्हणून आजार नाही असं ठरत नाही, तेव्हा स्लीप स्टडीच लागते. तसंच दोन वर्षांखालचं मूल, डाउन सिंड्रोम, लठ्ठपणा, जबड्याची वेगळी ठेवण, स्नायूंचे आजार, इथे मी ऑक्सिमेट्रीवर भागवणार नाही.

छोटीच्या नोंदीत उत्तररात्री तीन झुपके होते. सर्वांत खालचा आकडा 82, आणि 85 च्या खाली बऱ्याचदा. दिल्लीची गरज उरली नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पाहिलं आणि टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड दोन्ही काढायचं ठरलं.

ठरलं म्हणजे आमच्यात. घरी आजी अडून बसल्या. "गाणाऱ्या पोरीच्या गळ्यात सुरी? ग्वाल्हेरात?" त्यांनी छोटीला तानसेनाच्या समाधीपाशी नेऊन तिथल्या चिंचेचा पाला खाऊ घातला होता, गळा चांगला व्हावा म्हणून, आता त्याच गळ्याचं ऑपरेशन. मला ही भीती हसण्यावारी न्यायची नव्हती, कारण तिच्यात तथ्याचा एक कण आहे. स्वर निघतो तो स्वरयंत्रातून, ते टॉन्सिलच्या बरंच खाली, त्याला हात लागत नाही. भुलीच्या नळीने चार-दोन दिवस घसा बसतो इतकंच. प्रश्न टाळूचा असतो. बोलताना-गाताना मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट मिटवतो. टाळू आखूड असेल किंवा त्यात वरून न दिसणारी फट असेल, तर अ‍ॅडेनॉइडचा तो उंचवटाच त्याला टेकायला आधार देत असतो. तो काढला की हवा नाकातून गळते आणि आवाज कायमचा नाकात जाऊ शकतो. म्हणून ऑपरेशनआधी पडजीभ दुभंगलेली आहे का हे बघायचं, टाळूवर बोट फिरवून पाहायचं. छोटीची पडजीभ एकसंध, टाळू लांब आणि मजबूत. तसं आजींना तोंड उघडून दाखवलं. त्यांचं समाधान माझ्याने पूर्ण झालं नाही. ते गाण्याच्या बाईंनी केलं. त्या म्हणाल्या, आजही तिचा मध्यम, म्हणजे 'म', लागत नाहीये, मग जपायचं ते काय?

दुसरी शंका प्रतिकारशक्तीची, ती जवळपास प्रत्येक घरात निघते. टॉन्सिल हे संरक्षणाचं ठाणं खरं, पण एकटं नव्हे; जिभेच्या मुळाशी, घशाच्या भिंतीत तशाच गाठी असतात. ते काढल्यावर मुलं वारंवार गंभीर आजारी पडतात असं ठळकपणे दिसलेलं नाही.

मग थांबून पाहिलं असतं तर? हा प्रश्न वडिलांचा, आणि योग्य. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या 464 मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना सात महिने थांबवून ठेवलं. ऑपरेशनवाल्यांपैकी 79 टक्क्यांची स्लीप स्टडी सामान्य झाली, पण थांबलेल्यांपैकीही 46 टक्क्यांची झाली. म्हणून सौम्य त्रासाच्या मुलांना मी नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे काही आठवडे देते, नाकाची अ‍ॅलर्जी आवरते, लक्ष ठेवून थांबते. त्यांच्या आईबापांना ऑपरेशनची घाई करू देत नाही. मात्र रात्री ज्यांचा ऑक्सिजन फार उतरतो अशी मुलं त्या अभ्यासात घेतलीच नव्हती. छोटी त्या गटातली. याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट नोंदली, जी पालकांना आधीच सांगायला हवी: लक्ष देण्याच्या औपचारिक चाचण्यांत दोन गटांत फरक पडला नाही; वागणूक, झोप, लक्षणं आणि एकूण जगणं मात्र सुधारलं. थोडक्यात, ऑपरेशनने मूल पाढे पाठ करायला लागेल अशी आशा दाखवू नये.

तारीख ठरली आणि छोटीला सर्दी झाली. ताज्या सर्दीत भूल दिली तर श्वासनळी आवळण्याचा धोका वाढतो, म्हणून तीनेक आठवडे पुढे ढकललं. त्या काळात नाकाचा स्प्रे, मिठाच्या पाण्याचे थेंब, लोहाचं औषध. मॉन्टेलुकास्ट बंद केलं. मुलांमध्ये त्याने मनःस्थिती आणि झोप बिघडू शकते असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये दिला आहे, आणि आधीच चिडलेल्या मुलीत कशाचा दोष किती हे गोंधळवून ठेवण्यात अर्थ नव्हता.

भूलतज्ज्ञांना ऑक्सिमेट्रीचा कागद आधीच दिला. रोज रात्री ऑक्सिजन उतरणारी मुलं अफूवर्गीय वेदनाशामकांना जास्त संवेदनशील असतात. नेहमीच्या मात्रेतही श्वास मंदावू शकतो. कोडीन आणि ट्रामाडोल तर बारा वर्षांखाली देऊच नयेत. ऑपरेशन सकाळी झालं, पण त्या दिवशी घरी सोडलं नाही. रात्रभर ऑक्सिजनवर नजर ठेवली. वडिलांना हा खर्च फुकटचा वाटला. मला नाही वाटला.

घरी गेल्यावरचे दहा दिवस हा पालकांना सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन वजनाच्या हिशोबाने, घड्याळ लावून, दुखण्याची वाट न बघता. दुखतं म्हणून मूल पाणी पीत नाही, पाणी न प्यायल्याने जास्त दुखतं. म्हणून घोट-घोट सतत. दहीभात, पातळ खिचडी, गार दूध. छोटीला हवी होती बेडई, म्हणजे डाळीचं सारण भरलेली पुरी. ती दोन आठवडे बंद. सहाव्या दिवशी आजींचा फोन आला, घशात पांढरा पू झालाय, तोंडाला वास येतोय, कान दुखतोय. पू नव्हता. जखमेवर पांढरी साय धरते, वास येतो, आणि घशाचं दुखणं त्याच मज्जातंतूने कानात जाणवतं. घाबरायचं ते लाल रंगाला. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ही साय सुटताना रक्त येऊ शकतं. थुंकीतल्या पुसट रेघेपलीकडे ताजं रक्त दिसलं, मूल वारंवार गिळतंय असं वाटलं, तर रात्र असो की पहाट, थेट रुग्णालय. छोटीला तसं काही झालं नाही. पाणी पिताना दोन-तीन दिवस नाकातून आलं, आपोआप थांबलं. सूज असेतो पहिला आठवडाभर ती घोरतही होती, त्याने घर पुन्हा हवालदिल झालं.

सहा आठवड्यांनी घोरणं नव्हतं, अंथरूण आठवड्यात एखाद्या रात्री ओलं. गाणं महिन्याभराने सुरू केलेलं. तीन महिन्यांनी पुन्हा ऑक्सिमेट्री: एकही झुपका नाही. वजन सतरा किलोला टेकलेलं. कानातलं पाणी ओसरलं होतं, नळ्या घालाव्या लागल्या नाहीत. शाळेतलं चित्र संमिश्र: रडारड आणि मारामारी थांबली, गणित तिथेच आहे. गाण्याच्या बाई म्हणतात मध्यम स्वच्छ लागतो, निषाद म्हणजे 'नी' अजून नाकात चुकतो; तोंडाने श्वास घ्यायची सवय सुटायला वेळ लागेल. धूळ उडाली की शिंका येतातच, स्प्रे हंगामात चालू राहील, आणि पुढच्या हिवाळ्यात पहाटेचा एक व्हिडिओ पुन्हा मागवणार आहे. ऑपरेशननंतर काही मुलांत त्रास उरतो किंवा परततो, विशेषतः वजन जास्त असलेल्यांत. मग श्वासाचं यंत्र किंवा अरुंद टाळू रुंदावणारी दातांची पट्टी अशा गोष्टींचा विचार करावा लागतो. छोटीच्या बाबतीत तसं अजून काही दिसत नाही.

मधल्या काळात छोटीच्या आईने मला न विचारताच आणखी एक व्हिडिओ पाठवला, नवऱ्याचा. तीच शांतता, तोच खर्रकन श्वास. घराण्यात हा आजार चालताना दिसतो, ठेवण आणि वजन दोन्ही वारशाने येतात. मोठ्यांत टॉन्सिलचा दोष क्वचितच असतो, उपचार वेगळे, मोजमाप वेगळं. आजींचं म्हणणं, तो लहानपणापासून असाच घोरतो, त्याला काय धाड भरलीय. छोटीच्या वडिलांचा रक्तदाब मोजला, 150 वर 96. स्लीप स्टडीसाठी चिठ्ठी लिहून दिली आहे.